आपण शेवटच्या बाकावर

बाईंना चूक दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर जी तरतरी यायची, ती इतरांना चहा घेतल्यावर येते. लाल पेन पदराच्या टोकासारखं कायम हाताशी. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर लाल शाईचा डाग, तो सुट्टीतसुद्धा जायचा नाही. मुलं त्यांना पाठीमागे 'लालरेघ' म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्या मनातून खूश होत्या.

दर वर्षाची एक चुकांची वही असे. प्रत्येक मुलाला एक पान. पानावर चार रकाने: ऱ्हस्व-दीर्घ, ळ, जोडाक्षर आणि इतर. कोणाचं काय चुकतं ते बाई रोज मांडून ठेवत. त्यांचं म्हणणं असं, की मूल चेहऱ्याने ओळखण्यात काय मोठंसं, ते कोणालाही जमतं. चुकीवरून ओळखता आलं पाहिजे. आणि त्या ओळखायच्याही. नाव न घातलेला पेपर हातात घेऊन दोन ओळींत सांगायच्या, "ही आपल्या खिडकीजवळच्या महाराणींची कामगिरी."

एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या वर्गातल्या लोखंडी कपाटात रचून ठेवलेल्या. घरी नवरा गमतीने म्हणे, "माझी वही कुठे ठेवलीयेस?" बाई म्हणत, "एका कपाटात मावणार आहे का ती?"

सगळ्या चुकांत बाईंची लाडकी चूक म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण' यांची गफलत. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात त्या फळ्यावर दोन्ही शब्द लिहीत आणि सांगत, "आम्ही जेवलो म्हटलंत, तर ऐकणारा उपाशी. आपण जेवलो म्हटलंत, तर त्याचंही पोट भरलं. तेव्हा बोलण्याआधी बघायचं, ताटं किती मांडायचीत ते." मुलं हसत. पुढच्या वर्षी तोच विनोद, नवी मुलं, तसंच हसू.

त्या वर्षी शाळेत 'दोन शाळा, एक वर्ग' नावाचा उपक्रम आला. समुद्रापलीकडच्या एका शाळेत हीच भाषा शिकवणारा वर्ग होता. दोन्ही वर्गांनी एकमेकांना पत्रं लिहायची. फोटो पाठवायचे नाहीत. आपला वर्ग फक्त शब्दांत सांगायचा, सोबत हवं तर चित्र काढायचं, आणि वर्षाअखेरी दोन्ही वर्गांनी एकमेकांच्या खोलीचा पुठ्ठ्याचा नमुना करायचा. शब्द नीट पडले तर नमुना बरोबर येईल, नाहीतर दार छताला लागेल. बाईंना कल्पना फार आवडली. चुकीचा पुरावा पुठ्ठ्यात मिळणार म्हणजे काय!

बाईंच्या वर्गाचा पट सत्तावीस. तेरा बाकांवर दोन-दोन, आणि शेवटच्या, चौदाव्या बाकावर एकटी चिमणी.

चिमणी हे मुलांनी ठेवलेलं नाव, आणि मुलांच्या विनोदबुद्धीला साजेसं उलटं. ही मुलगी चार महिन्यांपूर्वी शाळेत आली, तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीला हात वर करायची, बस. लिहायचीही जेमतेम. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, एक पिवळा फॉर्म बाईंच्या हातात दिला होता. तो 'बोलत नाही' असा भरून गेला की चिमणीची रवानगी वेगळ्या शाळेत, दोन बस बदलून, शहराच्या दुसऱ्या टोकाला. "महिना घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "महिन्यात बोलली तर राहील. नाही बोलली तर सही करा. उगाच जीव अडकवून घेऊ नका."

बाई जीव अडकवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्याच. फॉर्म त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला.

पहिलं पाकीट आलं तेव्हा बाईंनी ते शाळा सुटल्यावर चौदाव्या बाकावर उघडलं. पसारा मांडायला तो लांब बाक सोयीचा. सत्तावीस मुलांना सत्तावीस पत्रं, प्रत्येकावर 'कोणासाठी' म्हणून नाव. मजकूर झकास होता. एकाने लिहिलं होतं, 'आमच्या वर्गात एक सर आणि दोन पंखे आहेत. तिघेही आवाज करतात.' बाई एकट्याच हसल्या.

तळाशी अठ्ठाविसावं पत्र निघालं. 'कोणासाठी' पुढे लिहिलं होतं, 'बाइंसाठी'.

"अगं बाई, लाघवी दिसतंय पोरगं," बाई म्हणाल्या आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

'आपण शेवटच्या बाकावर बसतो. तिथून खांबामुले फला अर्धा दिसतो. शेजारी खिडकी आहे ती उघडत नाही. बाइ चांगल्या आहेत. आपण बोलत नाही.'

खाली पेन्सिलीचं चित्र. शेवटच्या बाकावरून दिसावा तसा वर्ग: पुढे डोकीच डोकी, मध्ये खांब, खांबामागून अर्धा फळा. आणि कागदाच्या अगदी तळाशी, बाकाच्या फळीवर ठेवलेले हात. बाईंनी मोजले, कारण मोजणं हा त्यांचा स्वभाव. चार.

बाईंनी मान वर केली. त्यांच्यासमोर खांब होता. खांबामागे अर्धा फळा होता. शेजारची खिडकी रंगाने चिकटून किती वर्षं झाली, देव जाणे.

'प्रत्येक शाळेत एक न उघडणारी खिडकी असतेच,' त्यांनी स्वतःला बजावलं, आणि खांबांचा काय दुष्काळ पडलाय का? त्यांनी दोन्ही 'आपण' लाल रेघेने खोडले, वर 'आम्ही' लिहिलं, 'ळ' तीनदा गिरवून दिला आणि खाली टीप घातली: 'तू तिकडे, मी इकडे. मग आपण कसे? आम्ही.' वर्गाच्या सत्तावीस उत्तरांबरोबर तेही पत्र पाकिटात घातलं. पाकीट तिथेच बाकावर चिकटवलं.

तीन आठवड्यांनी दुसरं पाकीट आलं. पुन्हा अठ्ठावीस.

'बाइ, मी तिकडे कुठे आहे?' अठ्ठाविसाव्याची सुरुवातच अशी. 'मधल्या सुट्टीत तुम्ही पहिल्या बाकावर बसून डबा खाता. मग रुमालाने बाक पुसता आणि रुमाल पुढच्या खिडकीतून झाडता. तेव्हा आपण बोलत नाही. तुम्ही गेल्यावर बोलतो.'

बाईंचा हात पेनाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

मधल्या सुट्टीत मुलं मैदानावर असत. वर्गात चिमणी तेवढी आपल्या बाकावर बसून राही, तिला बाहेर जा म्हटलं तरी जात नसे, आणि बाईंनीही तिचं असणं नसल्यासारखं धरलं होतं. बाई डबा खात, बाक पुसत, रुमाल खिडकीतून झाडत. हे समुद्रापलीकडे कोण सांगणार?

चित्र या वेळीही होतं. तोच खांब, तोच फळा. फळ्यासमोर पाठमोरी एक बाई, कमरेपर्यंत लांब वेणी. बाईंनी केस कापून पंधरा वर्षं झाली होती. आणि तळाशी फळीवर आता सहा हात. दोन लहान, दोन लहान, आणि दोन मोठ्या माणसाचे. मोठ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक ठिपका. सगळं चित्र पेन्सिलीचं, ठिपका तेवढा लाल.

बाईंनी स्वतःचं बोट मुठीत घेतलं.

मग त्या चिडल्या. भीती वाटली की चिडायचं, ही त्यांची जुनी सवय. वर्गातलंच कोणीतरी चावटपणा करतंय! त्यांनी या वर्षीची वही काढली आणि पत्र शेजारी ठेवून एकेक पान ताडून पाहिलं. 'ळ' चा 'ल' करणारी दोन मुलं होती. पण ती 'बाई' नीट लिहीत. 'बाइ' लिहिणारा एक होता. त्याचे जोडाक्षरांचे इतके हाल, की 'शेवटच्या' हा शब्द त्याच्या हातून धडधाकट सुटला नसता. चिमणीचं पान जवळजवळ कोरं. न लिहिणाऱ्याच्या चुका होणार कुठून?

सत्तावीस पानांत चुकांचा तो मेळ कोणाचाच नव्हता.

महिनाअखेरीस दोन्ही वर्गांची पडद्यावर भेट झाली. इकडे सकाळ, तिकडे दिवेलागण. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना हात हलवून हलवून शेवटी गाणी म्हटली, आणि मुलं पांगल्यावर तिकडचे सर पडद्याजवळ येऊन बसले. घोगऱ्या आवाजाचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस.

"बाई, तुमची लाल शाई इकडे भलतीच गाजतेय हं. पोरं पाकीट उघडायला घाबरतात!"

"घाबरू दे थोडं," बाई म्हणाल्या. "बरं सर, ते तुमचं अठ्ठाविसावं लेकरू कोण? पत्रावर नाव घालत नाही. आणि 'आपण' काही सोडत नाही."

सर हसायचे थांबले. "अठ्ठाविसावं? माझा पट सत्तावीस. म्हणून तर तुमच्याशी जोडी लागली आमची. पाकिटात मी स्वतः मोजून सत्तावीस घालतो."

"आणि मी दुरुस्त करून परत पाठवलेलं?"

"सत्तावीसच आली बाई. एकही जास्त नाही." सरांनी डोकं खाजवलं. "तुम्ही पाकीट कुठे भरता?"

"वर्गात," बाई म्हणाल्या. "शेवटच्या बाकावर."

"तिथेच राहिलं असेल मग," सर सहज म्हणाले, आणि तिकडून कोणीतरी हाक मारली म्हणून उठून गेले.

पडदा काळा झाला. बाईंनी उठून चौदाव्या बाकाच्या कप्प्यात हात घातला. पेन्सिलीचा भुसा, एक रबर, आणि घडी घातलेला कागद. लाल अक्षरात त्यांचीच टीप: 'तू तिकडे, मी इकडे.' त्याखाली पेन्सिलीने एवढंच, 'नाही.'

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना चिमणीची आई दारात उभी राहिली. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. ओढणीला दोन-तीन रंगांचे धागे चिकटलेले. बाईंना वाटलं, फॉर्मसाठी रडायला आली असेल. पण ती तर उजळलेल्या चेहऱ्याने आली होती.

"बाई, तुमचे उपकार. मैत्रीण मिळाली हो हिला!"

"कोण?"

"नाव नाही सांगत. शेजारीच बसते म्हणे. घरी आली की नुसती टकळी. आपण आज डबा वाटून खाल्ला, आपण चित्र काढलं, आपण बाईंना पत्र लिहिलं. मी म्हणते, अगं भवाने, मी कुठे होते तिथे? 'आम्ही' म्हण की. तर मलाच म्हणते, आई, तू पण ये ना."

बाईंनी वर्गात नजर टाकली. चिमणी दप्तर भरत होती. दप्तर भरून झाल्यावर ती बाकावरून उठली नाही. आधी थोडी थांबली, पाय आक्रसून घेतले, जशी आपण आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट देतो, आणि मग उठली.

"बाई, तो फॉर्म..." आई हळूच म्हणाली. "दोन बसचं अंतर आहे हो. माझी पाळी सातची. कोण नेणार हिला? तिकडे टाकली ना, तर घरीसुद्धा गप्प होईल. माझं मन सांगतं."

"शुक्रवारी बघू," बाई म्हणाल्या. शुक्रवार परवावर होता.

त्या संध्याकाळी बाईंनी कपाट उघडलं. पंधरा वर्षं मागे गेल्या, वेणीच्या काळात. मग आणखी मागे. सव्वीस वर्षांमागच्या वहीत पान सापडलं.

'ळ' च्या रकान्यात रेघांची दाटी. ऱ्हस्व-दीर्घात 'बाइ, बाइ, बाइ'. आणि 'इतर' मध्ये बाईंच्या तरुण, टोकदार अक्षरात: 'आपण - ४१ वेळा.'

आपणताई!

बाईंना चेहरा आठवला नाही. चूक आठवली. काटकुळी पोर, शेवटच्या बाकावर एकटी. तिच्या बोलण्यात 'मी' नव्हताच. आपण काल आजारी होतो. आपली पेन्सिल हरवली. मुलं तिला आपणताई म्हणून हाका मारायची, आणि हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं, हेही बाईंना आता आठवलं. एकदा ती मैदानातून गुडघा फोडून आली. रक्त मोज्यापर्यंत. म्हणाली, "बाई, आपण पडलो."

"आपण नाही गं, तू पडलीस," बाई म्हणाल्या होत्या. "मी ठणठणीत उभी आहे."

वर्ग हसून लोळला होता. बाईंनी आधी वहीत रेघ ओढली होती, मग मलमपट्टीला पाठवलं होतं.

पहिल्या सत्राची बेरीज: एकशे बारा चुका. दुसऱ्या सत्राची बेरीज: शून्य. आणि शून्यापुढे लाल शाईत शेरा: 'उत्तम सुधारणा.'

बाईंनी त्या शून्याकडे इतकी वर्षं कधी नीट बघितलंच नव्हतं. जी बोलत नाही, लिहीत नाही, तिच्या चुका कुठून येणार? पानाच्या तळाशी एक ओळ होती. 'वेगळ्या शाळेत पाठवले.' पुढे त्यांची सही, रेघ ओढल्यासारखी सरळ. ती पोर त्या शाळेत पोचली का, टिकली का, आज कुठे आहे, हे बाईंनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. विचारायला तसा रकाना नव्हता.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मुलं मैदानावर गेली. बाईंनी डबा उघडला नाही. खणातून पिवळा फॉर्म घेतला, एक कोरा कागद घेतला, आणि पहिल्यांदाच पेन्सिल घेतली. लाल पेन टेबलावरच राहिलं. त्या खांबाला वळसा घालून मागे गेल्या.

चिमणी खिडकीच्या बाजूला नव्हती, वाटेच्या कडेला बसली होती. खिडकीची बाजू रिकामी. बाक लांब होता, तीन मुलांचा.

"बसू का?" बाईंनी विचारलं. एकतीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न वर्गात कोणाला विचारला नव्हता.

चिमणी उठून वाटेत उभी राहिली. बाई आत शिरून मध्ये बसल्या. फळी गार होती; पण त्यांच्या डाव्या दंडाकडून, खिडकीच्या बाजूने, शेजारी मूल बसलं की येते तशी ऊब येत होती. बाईंनी तिकडे बघितलं नाही. मान ताठ ठेवून कागदावर लिहिलं:

'तू त्या दिवशी पडलीस' इथपर्यंत येऊन त्या थांबल्या. खोडलं. पुन्हा लिहिलं.

'आपण त्या दिवशी पडलो. आपल्याला फार लागलं. मी हसले. चूक माझी होती.'

पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हात फळीवर ठेवले. पहिल्या बोटावरचा लाल डाग खिडकीच्या उजेडात चांगला ठसठशीत दिसत होता. खांबापलीकडे काय चाललंय ते इथून खरंच दिसत नव्हतं. इतकी वर्षं त्या तिकडे उभ्या राहून इकडून दिसतं असं धरून चालल्या होत्या.

कागद हलला. वारा असेल म्हणावं तर खिडकी बंद. तो फळीवरून डावीकडे सरकला, आणि सरकताना कुरकुरला.

"बाई," उजवीकडून आवाज आला.

घोगरा, न वापरलेला आवाज. चिमणी बाकाच्या कडेला टेकली होती, अर्धी बाहेर. तिने त्यांच्या दंडाला कोपराने ढोसलं, शेजारणीला ढोसावं तसं.

"बाई, थोडं सरका ना. आपण तिघी आहोत."

बाई सरकल्या. खिडकीकडे, जेवढं सरकता येत होतं तेवढंच. अगदी भिंतीला टेकेपर्यंत सरकता आलं नाही. मध्ये जागा नव्हती.

सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर बाईंनी तिथेच बसून फॉर्म भरला. प्रश्न होता: 'विद्यार्थी वर्गात बोलतो का?' बाईंनी लिहिलं, 'बोलते.' पुढचा प्रश्न: 'कोणाशी?' बाईंनी लिहिलं, 'आमच्याशी.' मग हात अडखळला. चुकलेलं दिसल्यावर त्यांना राहवेना. टेबलावरून लाल पेन आणून त्यांनी स्वतःचा शब्द खोडला आणि वर नीट अक्षरात दुसरा लिहिला. खाली शेरा: 'ही इथेच राहील.' आणि सही.

मोठ्या बाईंनी शाळा सुटताना तो फॉर्म डोळ्यांपाशी धरून वाचला. त्यांच्या खोलीत टेबल, कपाट आणि एक ऐसपैस खुर्ची. दुसऱ्या कोणी बसायची सोय मुद्दामच नव्हती.

"बोलली? अरे वा! काय म्हणाली?"

"जागा मागितली," बाई म्हणाल्या.

"चला, सुटलो." मग मोठ्या बाईंची भुवई वर गेली. "पण हे काय? 'कोणाशी बोलते?' तर 'आपल्याशी'? अहो, माझ्याशी कुठे बोललीय ती? बरोबर 'आमच्याशी' होतं, तेच खोडलंत. तुम्ही आणि ही चूक? एकतीस वर्षांनी?"

"ती चूक नाही," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई हसल्या. बाई हसल्या नाहीत. बाहेर मुलांचा गलका फाटकाकडे ओसरत चालला होता, आणि खोलीत पेन्सिल घासल्यासारखा बारीक आवाज येत होता. कपाटामागून म्हणावा तर कपाटामागून नाही, टेबलाखालून म्हणावा तर तिथूनही नाही.

"आपल्याशी," मोठ्या बाईंनी तो शब्द पुन्हा पुटपुटून पाहिला.

आणि मग, का ते त्यांनाही कळलं नसावं, ऐसपैस खुर्चीत त्या जराशा एका बाजूला सरकल्या.